अकबरबीच्या घरची ट्यूब

उषाबाईंचं तोंड आलं होतं आणि ही बातमी त्यांनी कुणाला सांगायच्या आधीच टेंभुर्णीतल्या त्यांच्या गल्लीला कळली होती. कळणारच! ज्या बाईचा आवाज सकाळी चार घरांपलीकडे ऐकू जातो, ती बाई दोन दिवस गप्प बसली तर गल्लीला चुकल्यासारखं होतं. त्यांचे यजमान रखमाजी तर त्या शांततेला इतके घाबरले, की त्यांनी न सांगता गिरणीतून दळण आणून ठेवलं आणि हळूच विचारलं, "काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

"तुमचं काय चुकतंय? तोंड आलंय माझं," उषाबाई गालावर हात ठेवून म्हणाल्या. "हितं, आतून, दाढंपाशी. तिखट लागलं की जीव जाऊन राह्यलाय."

तोंड येणं हे वाचकहो, आपल्याकडे आजारात धरतच नाहीत. घरात कुणाला ताप आला तर आपण कपाळाला हात लावून बघतो, आणि तोंड आलं म्हटलं की हसतो. संक्रांतीच्या तिळगुळाबरोबर आलेला हा फोड उषाबाईंनीही असाच हसण्यावारी नेला. तूप लावून झालं, जाईचा पाला चावून झाला, ज्येष्ठमध चघळून झालं. फोड मात्र जागचा हलेना.

दुसऱ्या कुणाचं तोंड असतं तर गोष्ट वेगळी होती. उषाबाईंच्या तोंडावर, खरं म्हणजे जिभेवर, गावच्या महिला बचत गटाचा सगळा डोलारा उभा होता. हा गट येसर करायचा. बाजरी, हरभऱ्याची डाळ आणि मसाले खमंग भाजून दळायचे, की झालं येसर; उकळत्या पाण्यात कालवलं की घमघमीत आमटी तयार. मापं सगळ्या बायकांना पाठ होती, पण "भरा पाकिटं" हा शेवटचा शब्द उषाबाईंचा. चिमूटभर येसर जिभेवर ठेवायच्या, डोळे मिटायच्या आणि सांगायच्या, की धने कमी पडले किंवा डाळ करपली. त्यात आता जालन्याला बचत गटांचं मोठं प्रदर्शन भरणार होतं आणि टेंभुर्णीच्या गटाला पहिल्यांदाच तिथं जागा मिळाली होती. अशा वेळी चव घेणाऱ्या बाईच्याच तोंडात आग!

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उषाबाई मिश्री लावायच्या. सकाळी एकदा, दुपारी ओट्यावर चार जणींच्या संगतीनं एकदा. तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटानं दातांवर, हिरड्यांवर घासत निवांत बसायचं. गडीमाणसांनी तंबाखू मळली तर हीच बायकामंडळी नाकं मुरडतात, पण मिश्रीला कुणी व्यसन म्हटलेलं त्यांना खपत नाही!

भिंतीला भिंत लागून अकबरबीचं घर. उषाबाईंचा त्रास त्यांना बघवेना. त्या कपाटातून एक अर्धी पिळलेली ट्यूब घेऊन आल्या.

"हे लावा उषाबाई. गेल्या साली परीक्षेच्या टायमाला आमच्या तन्वीरचं तोंड आल्तं ना, तवा डॉक्टरनी लिहून दिल्तं. दोन-तीन रोजात बराबर झालं पोरगं. बिलकुल जादू है!"

तन्वीर त्यांचा मुलगा. तो बारावी पास होऊन संभाजीनगरला शिकायलाही गेला, पण ट्यूब काही रिटायर झाली नव्हती. आपल्याकडे औषध संपत नाही, ते शेजारी जातं. गटातल्या बेबीनंदानं ती मधे नेली होती, कशासाठी ते सांगितलं नाही. आणि उषाबाईंच्या घरी आल्यावर रखमाजींनी 'मलम ते मलम' म्हणून टाचेच्या भेगेलाही थोडी लावून पाहिली.

उषाबाईंनी बोटभर मलम घेतलं. बोट तेच, मिश्रीचं. आणि ते फोडावर मिश्रीसारखंच खसाखसा घासलं! दुसरी कुठली पद्धत त्या बोटाला माहीतच नव्हती. मलमाचे कण कण झाले, थुंकीबरोबर बाहेर आले. तोंड चिकट चिकट लागतंय म्हणून त्यांनी वरून मिश्री लावली. हा कार्यक्रम रोज चालला.

"औषधात काही दम न्हाई," त्यांनी सुनेला, शालूला सांगितलं. "ट्यूबात निस्ता खडू भरून राह्यलेत लोकं."

"आत्याबाई, दवाखान्यात जाऊन या ना. किती दिवस झाले," शालू म्हणाली.

"तोंड आलंय म्हणून कुणी दवाखान्यात जातं का? लोकं हसतील."

लोकांच्या हसण्याची भीती होती असं नाही. उषाबाईंना खरी भीती वेगळीच होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांच्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्याच दुखण्यानं गेल्या. त्याही मिश्री लावायच्या. त्यांनीही फोड लपवला होता, आणि दाखवला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली होती. घरात कुणी नसलं की उषाबाई आरसा आणि मोबाईलची बॅटरी घेऊन गालाच्या आत बघायच्या आणि आरसा पालथा ठेवायच्या. डॉक्टरनं पाहिलं तर तो त्या दुखण्याचं नाव काढील. नाही पाहिलं तर नाव निघणार नाही. हा विचार खुळा आहे हे त्यांनाही कळत होतं, पण भ्यालेलं माणूस खुळ्याच विचाराला धरून बसतं.

महाशिवरात्रीची खिचडीसुद्धा त्यांनी दुसऱ्या गालानं खाल्ली. फोड तिथंच होता.

प्रदर्शनाचं येसर करायचा दिवस ठरला. उषाबाईंच्या परसात चूल मांडली, गटाची मोठी कढई चढली. त्या दिवशी सकाळी शालू तव्यावर भाकरी करत होती, म्हणून उषाबाईंनी आपली मिश्री त्याच मोठ्या कढईत भाजून घेतली होती. नंतर घाईत फडक्यानं वरवर पुसली आणि विसरून गेल्या. मग बायका आल्या, बाजरी भाजली, डाळ भाजली, मसाले परतले, गिरणीतून दळून आणलं. बेबीनंदानं वाटीत येसर घेऊन उषाबाईंपुढं धरलं.

उषाबाईंनी जिभेच्या टोकाला कणभर लावलं. तेवढ्यानंही गालात ठिणगी पडली. चव कुठली कळायला! पण एवढ्या जणी तोंडाकडे बघत बसलेल्या. "मला चव कळंना" असं म्हणायचं तर का, ते सांगावं लागलं असतं.

"झ्याक झालंय," त्या म्हणाल्या. "भरा पाकिटं."

"मावशी, आज डोळे न्हाई मिटले तुम्ही," बेबीनंदा म्हणाली.

"डोळे मिटून काय झोपायचंय का आता? भर म्हणलं ना!"

पाकिटं भरायच्या आधी आमटी करून बघायची गटाची रीत होती. शालूनं आमटी केली. पहिला मान रखमाजींचा. त्यांनी भाकरी कुस्करली, आमटी ओतली आणि आवडीनं वाटी संपवली. दुसरी घेतली. ती अर्धी होईस्तोवर त्यांना उचकी लागली. मग घाम फुटला. मग ते भिंतीला धरून खाली बसले.

"अगं, माझं डोकं गरगरून राह्यलंय... आमटीत काय टाकलंय काय?"

परसात एकच धावपळ! कुणी पाणी आणलं, कुणी वारा घातला. रखमाजींना ओकारी झाली आणि जरा बरं वाटलं. तोवर शालूनं येसराचा डबा नाकाशी नेला, थांबली, परत नेला.

"आत्याबाई," ती घाबरत म्हणाली, "ह्याला मिश्रीचा वास येतोय."

उषाबाईंनी कढईकडे पाहिलं.

"मीच भाजल्ती गं सकाळी. ह्याच कढईत."

"आन चव घेताना कळलं न्हाई तुम्हाला?" बेबीनंदाचा आवाज चढला. "प्रदर्शनात कुणी लेकुरवाळी बाई ही आमटी खाऊन पडली असती तर? गटाचं नाव गेलं असतं मावशी!"

तेव्हा उषाबाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. संक्रांतीपासून अडवून धरलेलं सगळं त्यांनी त्या परसात सांगून टाकलं. फोड सांगितला, आरसा सांगितला, थोरल्या जाऊबाई सांगितल्या. रखमाजी उचकी देत देत ऐकत होते. "मला सांगायचं ना येडे," एवढंच ते म्हणाले आणि त्यांचेही डोळे भरून आले. बेबीनंदाचा राग तर कुठल्या कुठे गेला, पण तिनं एकाएकी पदर तोंडावर ओढून घेतला.

गोंधळ ऐकून अकबरबी आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, कमरेला पदर खोचला आणि म्हणाल्या, "उठा. जल्दी. जालन्याची बस गाठायची. माझी भाची कशफ दातांची डॉक्टर हाय."

"आन तिनं त्या बीमारीचं नाव काढलं तर?"

"नाव न काढल्यानं बीमारी जाती का उषाबाई? निघायचं असंल तर आज निघू द्या. मी हाय ना संगं."

जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर, अरुंद जिना चढून गेलं की कशफचा दवाखाना. लहानपणी सुट्टीत ही पोर फुफीकडे, म्हणजे आत्या अकबरबीकडे, टेंभुर्णीला यायची आणि उषाबाईंच्या घरी आमटी भुरकायची. त्यांना बघून ती उठून उभी राहिली.

"मावशी, तुम्ही! बसा खुर्चीवर. आ करा बरं."

उषाबाईंनी डोळे गच्च मिटून तोंड उघडलं. कशफनं छोटा आरसा आत नेला, उजेड पाडला, बोटानं गाल चाचपला, गळ्याखाली गाठ आहे का ते चाचपलं. अकबरबी कोपऱ्यात बसून ओठातल्या ओठात दुवा मागत होत्या.

"आतापर्यंत काय लावलं?" कशफनं विचारलं.

उषाबाईंनी पदराची गाठ सोडून ट्यूब काढली. कशफनं ती उलटीसुलटी करून पाहिली आणि फुफीकडे पाहिलं. फुफीनं छताकडे पाहिलं.

"औषध चांगलं आहे," कशफ म्हणाली. "फोडाची सूज उतरवतं, आग कमी करतं. तन्वीरला परीक्षेच्या ताणानं साधा फोड आला होता, त्याला लागू पडलं. पण मावशी, सगळे फोड दिसायला सारखे आणि कारणं निराळी. एखाद्याला जंतूंमुळे किंवा बुरशीमुळे फोड येतो, त्यावर हेच लावलं तर दुखणं वाढू शकतं. आणि एकदा उघडलेली ट्यूब, वर्षभर, किती बोटं लागली तिला?"

"ह्यांनी टाचेला बी लावली," उषाबाई खरं बोलून गेल्या.

कशफला हसू आवरेना. "बरं, तुम्ही लावायच्या कसं? दाखवा."

उषाबाईंनी बोट वर करून हवेतच खसाखसा घासून दाखवलं.

"अहो मावशी, ही काय मिश्री आहे का!" कशफ खुर्चीच्या हाताला धरून हसली. उषाबाईंनाही, इतक्या दिवसांनी, हसू फुटलं. "हे घासायचं नसतंच. जेवण झालं, चूळ भरली, की हात धुवून वाटाण्यापेक्षाही कमी घ्यायचं आणि फोडावर नुसतं टेकवायचं. त्याची पातळ साय धरते. ती साय फोडाला झाकते आणि औषध आत मुरतं. घासलं की त्याचा रवा होतो, तो थुंकून जातो. रात्री झोपताना लावलं तर सगळ्यात उत्तम, तोंड चालत नाही ना तेव्हा!"

"मंग आता बराबर लावते. नवी लिहून दे."

"थांबा. नुसत्या मलमानं तुमचा फोड भरणार नाही. तुमच्या मागच्या दाढेचा टवका उडालाय. तिची कोर दर घासाला त्याच जागी गाल कापते. आधी ती कोर घासून गुळगुळीत करते."

उषाबाईंनी तिचा हात धरला. "पोरी, खरं सांग. ते... माझ्या जाऊबाईंना झाल्तं ते, ते न्हाई ना?"

कशफनं खोटा धीर दिला नाही. ती त्यांच्या समोर स्टूल ओढून बसली. "मला दाढेचाच फोड वाटतो. पण 'ते नाहीच' असं आजच छातीठोकपणे सांगणार नाही. तोंडातली कुठलीही जखम दोन आठवड्यांच्या वर राहिली की ती दाखवायलाच हवी, आणि तुमची त्याहून कितीतरी जुनी आहे. दाढ नीट केली, औषध नीट लावलं, की ती भरायला हवी. पंधरवड्यानं या. नाही भरली तर बारीकसा तुकडा तपासायला पाठवू. आणि अजून एक. तुम्ही मिश्री लावता त्या जागी गालावर पांढरा पट्टा धरलाय. तो धोक्याचा इशारा आहे. मिश्री आजपासून बंद."

"मिश्री तर दातांचं औषध हाय की!" उषाबाई सवयीनं बोलल्या. "मी काही तंबाखू न्हाई खात."

"मावशी, मिश्री कशाची करता?"

उषाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आणि आज काकांना चक्कर कशानं आली?"

अकबरबींनी फोनवरच भाचीला सगळा प्रकार सांगून ठेवला होता. उषाबाईंचा हात आपोआप तोंडावर गेला.

"अगं बाई! कढईला चिकटलेल्या चिमटीभर मिश्रीनं एवढा गडीमाणूस आडवा झाला, आन मी ती रोज तोंडात धरून बसते! जाऊबाई गेल्या तरी धरून बसते! मला कळलं कसं न्हाई गं?"

"कळतं मावशी," कशफ म्हणाली. "पण ओट्यावर सगळ्याच लावतात ना, म्हणून वाटतं काही होत नाही. सोडताना जड जाईल. चिडचिड होईल, बोट तोंडाकडे जाईल. फारच जड गेलं तर मला सांगा, सरकारी दवाखान्यात तंबाखू सोडवायला मदत करतात. पण सोडा."

आणि जड गेलंच! उषाबाई इतक्या चिडक्या झाल्या, की रखमाजींना त्या आधीच्या शांततेची आठवण येऊ लागली. दुपारी ओट्यावर बसल्या की बोट वळवळायचं. शालू मुकाट्यानं बडीशेपेची वाटी पुढे करायची. एकदा तर त्यांनी डबीतली शेवटची मिश्री हातावर घेतलीही, पण समोर रखमाजी येऊन बसले आणि काही न बोलता नुसती एक खोटी उचकी दिली. उषाबाई इतक्या हसल्या, की ती मिश्री त्यांनी नालीत झटकून टाकली. कशफनं लिहून दिलेलं नवं मलम मात्र त्या तिनं सांगितलं तसं, टेकवून, तोंड मिटून लावायच्या. तेवढा वेळ घरात पुरती शांतता असायची.

पंधरवड्यानं पुन्हा तोच जिना, तीच खुर्ची. या खेपेला रखमाजीही आले होते आणि टोपी हातात घेऊन दारात उभे होते. कशफनं आरसा आत घातला. इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं.

"भरला!" ती ओरडलीच. "अगदी स्वच्छ भरला मावशी!"

उषाबाईंनी तिला ओढून छातीशी धरलं. अकबरबी रडत होत्या आणि हसत होत्या. पट्टा फिका पडला होता, पण तो पूर्ण जाईपर्यंत दाखवायला यायचं, अशी ताकीद कशफनं दिली. ती उषाबाईंनी आनंदानं घेतली. प्रदर्शनासाठी नव्या कढईत नवं येसर झालं, डोळे मिटून चव घेतली गेली, आणि जालन्याच्या बायकांनी ते उचलून उचलून नेलं, हे वेगळं सांगायला नको.

पण उषाबाई एवढ्यावर थांबल्या असत्या तर ही गोष्ट लिहायचं कारण नव्हतं. त्यांनी कशफला गावात बोलावलं. समाजमंदिरात खुर्ची मांडली, दवंडी दिली. चाळीसेक बायका आल्या खऱ्या, पण सगळ्या पदर तोंडावर धरून भिंतीला बसल्या. सासूसमोर सून तोंड उघडेना, सुनेसमोर सासू. जिला तिला वाटे, आधी दुसरीनं जावं. कशफ हातमोजे घालून वाट बघत राहिली.

उषाबाई उठल्या, खुर्चीत बसल्या आणि बायकांकडे तोंड करून केवढा तरी मोठा आ वासला!

"बघा!" त्या म्हणाल्या. "सगळ्याजणी येऊन बघा. हितं फोड होता. मी लपवला. दुसऱ्याची ट्यूब लावली, मिश्रीवानी घासली आन घरच्या माणसाला तंबाखूची आमटी पाजली! हसा किती हसायचं ते. पण हसताना तोंड उघडंल ना, तेवढ्यात डॉक्टरला दाखवून घ्या!"

समाजमंदिर हसण्यानं दणाणलं. अकबरबी उभ्या राहिल्या. "आन माझ्या घरी कुणी उरलेलं औषध मागायला येऊ नका. सगळं फेकून दिलं मी. माझ्या लेकाचं औषध तुमच्या दुखण्याला कसं चालंल?"

त्या हसण्यात बेबीनंदा तेवढी हसत नव्हती. ती हळूच उषाबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पदर बाजूला केला.

"मावशी," ती पुटपुटली, "माझ्या बी तोंडात हाय. लई दिवस झाले. त्यासाठीच नेल्ती मी ट्यूब. मी कुणाला सांगितलंच न्हाई."

उषाबाईंना थोरल्या जाऊबाई आठवल्या. पण त्यांनी ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. खुर्चीवरून उठल्या, तिला हाताला धरून बसवलं आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आता सांगितलंस ना! भिऊ नको. कशफ तपासायचं म्हणली तर तपासू, जायचं म्हणली तर जाऊ. मी संगं हाय. कर आ."

बेबीनंदानं तोंड उघडलं. तिच्यामागे तिची सासू येऊन उभी राहिली, तिच्यामागे शालू, आणि बघता बघता रांग दारापर्यंत गेली.

बंधुभगिनींनो, त्या रांगेत उभं राहायला पैसा लागत नाही, शिक्षणही लागत नाही. शेजारणीवर माया असेल तर तिला आपलं उरलेलं औषध देऊ नका. तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत चला. तंबाखूला मिश्री म्हटल्यानं ती गोड होत नाही. आणि तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती लपवू नका, उजेडात दाखवा. भीती वाटणारच, उषाबाईंनाही वाटली होती. तेव्हा कुणाचा तरी हात धरा, आणि तोंड उघडा!